किंग्जवुडची खरे बोलणारी पेटी

लंडन ब्रिज स्थानकावरून टॅटनहम कॉर्नरची गाडी सुटते. पुष्कळांना ही वाट ठाऊक असते ती एप्समच्या घोड्यांच्या शर्यतीमुळे. पण शर्यतीच्या नादी न लागता दोन स्थानके अलीकडे उतरावे. हे किंग्जवुड. सरे परगण्यातली गर्द झाडी, ऐपतदारांचे बंगले आणि त्यांत कंगोरेदार तटाचा एक जुना वाडा. १९४८ साली बी.बी.सी.च्या संशोधन विभागाने येथे बिऱ्हाड थाटले, ते २०१० पर्यंत. आता तेथे लोकांची राहती घरे आहेत. प्रवाशाने वाडा दुरूनच पाहावा.

या वाड्याने एका साध्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला : लाउडस्पीकरमधून येणारा आवाज खरा की खोटा, हे ओळखावे कसे?

आपण दुकानात जातो आणि गोड वाजेल ती पेटी घरी आणतो. त्यात काही बिघडत नाही. पण ध्वनिमुद्रण करणाऱ्याला गोडबोली पेटी घातक. तिने पदरचा खर्ज मिसळला, की तो बिचारा मुद्रणातला खर्ज कमी करतो. आणि तेच गाणे तुमच्याआमच्या घरी पोकळ वाजते.

येथल्या मंडळींची कसोटी मोठी घरगुती. यंत्रांनी मोजमाप होईच. पण शिवाय एका खोलीत माणूस बोले, शेजारच्या खोलीत तोच आवाज पेटीतून ऐकत, आणि मग उठून खुद्द बोलणाऱ्यापाशी जाऊन कान देत. जन्मापासून माणसाचा आवाज ऐकणारा कान येथे सहसा फसत नाही.

कार्यक्रमस्थळी जाणाऱ्या मोटारगाडीत मोठी पेटी मावेना, म्हणून जेमतेम फूटभर उंचीची ‘एल.एस. ३/५ ए’ जन्मली. तिच्यावरचा अहवाल १९७६ चा. कागदी शंकू एकासारखा दुसरा निघत नाही, म्हणून शंकू प्लॅस्टिकचा. भिंती पातळ लाकडाच्या, पण आतून थर देऊन त्यांची थरथर मारलेली. खोल खर्ज तिच्यात नाही. बोलणे मात्र जसेच्या तसे.

पेटी निवडली, तरी ती मांडायची राहतेच. भिंतीला चिकटवली तर खर्ज फुगतो, कोपऱ्यात तर विचारूच नका. दोन पेट्या आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. बारीक स्वर काढणारी लहान चकती कानाच्या उंचीवर यावी. एका बाजूला काच आणि दुसऱ्या बाजूला जाड पडदा, असा दुजाभाव नको. खुर्चीत बसून दुसऱ्या कुणाला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगावे. आरशात जिथे पेटी दिसेल, तिथे आवाज आपटून कानाशी येतो. तिथे एखादी जाड गोधडी टांगली तरी फरक कळतो.

वाड्यातली माणसे पांगली. पण बातम्या वाचणाऱ्याचा आवाज त्याचाच वाटावा, एवढ्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे कान झिजवले. गोड बोलणारे जगात पुष्कळ. जसे आहे तसे सांगणारा एखादाच. अशी एक पेटी या झाडीत घडली, म्हणून ही वाट वाकडी करावी.