फिरती बैठक

घर बांधतांना मनुष्य देवघराची दिशा ठरवितो. घर लावतांना मात्र दूरचित्रवाणी-संचाची दिशा ठरवितो, आणि मग घरांतील सारीं माणसें त्या दिशेला तोंड करून बसतात. आमच्या घरींही हेंच झालें. ५५ इंचांचा नवा संच आला, भिंतीपाशींच्या टेबलावर बसला आणि त्याच्या समोरचा कोच हें घरांतील मानाचें स्थान झालें.

आईची खाट मात्र खिडकीपाशीं, एका अंगाला. गुडघे धरल्यापासून ती तेथेंच असते. सायंकाळीं मालिका लागली म्हणजे ती डोळे मिटून घेई. आम्हांला वाटे, वयोमानानें तिला पेंग येते. एके दिवशीं माझ्या धाकट्या मुलीनें विचारलें, “तूं झोपतेस का ग आजी?”

“झोपत नाहीं बाळ, ऐकतें. इथून चित्र पांढुरकं दिसतं, आणि वळवून वळवून मान दुखते.”

मी वर्तमानपत्र वाचीत होतों. पुढचा मजकूर कांहीं डोक्यांत शिरला नाहीं.

दुसऱ्याच दिवशीं मीं बाजार गाठला. अशा संचांसाठीं डावीउजवीकडे वळणारी एक बैठक मिळते. दुकानदार तिला ‘स्विव्हल स्टँड’ म्हणतात. वस्तु साधी, पण निवड साधी नव्हे. संचाच्या पाठीवर चार भोकें असतात. त्यांमधील आडवें-उभें अंतर मिलिमीटरांत मोजून घ्यावें लागतें, आणि बैठकीच्या पट्ट्यांना तेंच माप असावें लागतें. संचाचें वजन पेलण्याइतकी ती दणकट हवी, तळ रुंद व जड हवा, आणि पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांशीं येईल अशी तिची उंची हवी.

घरीं येऊन मीं बैठक जोडली, मोठ्या ऐटींत संच फिरविला, तों त्याचा कोपरा भिंतीवर आदळला! ५५ इंच हें कर्णाचें माप. रुंदी भरते सुमारें १२२ सेंटिमीटर. असा संच ३० अंश वळविला कीं त्याची एक कड ३० सेंटिमीटर मागें जाते, हें शाळेंतलें गणित मी पार विसरलों होतों. टेबल पुढें ओढलें, ताणलेल्या तारांना ढील दिली, आणि पडदा खिडकीकडे वळला.

आईनें कांहीं वेळ नुसतें पाहिलें. मग म्हणाली, “अगबाई, हिला मी आवाजावरून म्हातारी समजत होतें!” सारे हंसले. मला मात्र हंसूं आलें नाहीं.

दहा मिनिटें झालीं असतील नसतील, तोंच तिनें मला हांक मारली. “आतां जरा स्वयंपाकघराकडे फिरव बघूं. सूनबाई पोळ्या लाटतां लाटतां रोज नुसतं ऐकतेच आहे.”

संचाचीं चार भोकें मीं मिलिमीटरांत मोजलीं होतीं. घरांत पाहणारे किती, हें मोजण्याचें मात्र आईच्याच ध्यानांत आलें.