मेजाचे स्थलांतर

जिमखान्याच्या फरशीची दुरुस्ती निघाल्यामुळे बिलियर्डचे मेज काही काळ मागच्या कोठीत ठेवावे, असा ठराव मंजूर झाला, तेव्हा टनाहूनही जड असलेला हा जिन्नस उचलावा कसा, याचीच मला चिटणीस या नात्याने विवंचना होती. परंतु कारागिरांनी तो उचललाच नाही, उकलला. हिरवी लोकरीची बनात निघाली, रबरी कडा सुटल्या, सांध्यांतले मेण खरवडले गेले, आणि आजवर अखंड भासलेल्या त्या समतलाच्या पाच काळ्या शिळा, शाळेतल्या पाट्यांसारख्या, खडूने क्रमांक घालून एकामागून एक बाहेर आल्या. ज्या खेळात पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यास हौशी खेळाडूंचे जगज्जेते ठरले, त्याचे सारे सौष्ठव अशा मुक्या पाषाणावर विसंबलेले असते, हे त्या बनातीने किती बेमालूम झाकले होते! ते उघडे पडलेले पाहताना मला उगाच संकोच वाटला; कशाचा, ते अजून उमगलेले नाही.

शिळा कोठीत सपाट रचल्या गेल्या आणि यादीवर माझी सही झाली. पुन्हा मांडताना बनात नवीच लागेल, असे मिस्त्री म्हणाला. जुनी मी घरी का आणली, हे पत्नीला नीटसे सांगता आले नाही.