उधारीची वही

परवाच्या विकांताला अटलांटाहून गाडी काढली आणि दक्षिणेला प्लेन्स गाठलं. बाकीची गँग बीचवर गेली होती. "भुईमुगाची शेतं बघायला तीन तास गाडी कोण हाणतं रे?" हे मला रीतसर ऐकवून झालं होतं.

प्लेन्सपासून चारेक किलोमीटरवर आर्चरी नावाची वस्ती आहे. १९२८ मध्ये कार्टर कुटुंब इथे राहायला आलं, तेव्हा पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी जेमतेम चार वर्षांचे होते. घर आता राष्ट्रीय स्मारक आहे आणि मुद्दाम १९३८ च्या आधी होतं तसं ठेवलंय. म्हणजे वीज यायच्या आधीचं. नळाचं पाणीसुद्धा १९३५ मध्ये पवनचक्की बसवल्यावर आलं. शॉवर म्हणजे काय, तर बुडाला भोकं पाडलेली बादली! जिमींची आई लिलियन नर्स होत्या. वयाच्या ६८ व्या वर्षी, १९६६ मध्ये, पीस कोअरमधून त्या चक्क आपल्या विक्रोळीला येऊन राहिल्या होत्या. माझी आत्या तिथेच राहते, तिला हे सांगायला हवं.

असो. माझे पाय अडकले ते घराशेजारच्या दुकानात. लाकडी खोली, फळ्यांवर डबे. पीठ, साखर, रॉकेल, कामाचे कपडे, तपकीर. गिऱ्हाईक आलं की घरातल्या कुणीतरी ताटावरून उठून कुलूप काढायचं.

च्यायला, हे तर आमचंच दुकान! सातारा जिल्ह्यातलं, पुढे दुकान, मागे घर. अण्णा (म्हणजे आजोबा) जेवायला बसले की हमखास कुणीतरी आठ आण्यांची तपकीर मागायला येणार आणि आजी आतून करवादणार.

पण आर्चरीतली गिऱ्हाइकं कोण? बहुतेक कार्टरांच्याच शेतावर राबणारी किंवा अर्धेलीने जमीन कसणारी काळी माणसं. त्या भागात अशी माणसं वर्षभर उधारीवर माल न्यायची आणि पीक आलं की हिशोब व्हायचा. जमीन मालकाची, दुकान मालकाचं, वहीही मालकाचीच. कुणी कितीही भला असला तरी ही सिस्टीम अशी, की बग सापडला तरी तो नेहमी एकाच बाजूच्या फायद्याचा.

आमच्या घरात एक गोष्ट लहानपणापासून ऐकलीय. ७२ च्या दुष्काळात अण्णांनी गावाची उधारी सोडून दिली. मी ती कॉलेजात मित्रांना फुशारकीने सांगितलीय. गेल्या दिवाळीत माळ्यावर त्या सालची वही सापडली. बऱ्याच नावांवर खरंच आडवी रेघ होती. एका नावापुढे मात्र अण्णांच्या अक्षरात होतं, 'ओढ्याकडचा तुकडा. फिटले.'

त्या तुकड्यात आम्ही हुरडा खायला जायचो.

आता बाबा घर, दुकान, तुकडा सगळंच विकताहेत. माझी सही हवीय. पार्किंगमधूनच फोन लावला. भारतात रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

"बाबा, ओढ्याकडचा तुकडा आपल्याकडे कसा आला?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "त्यांचा नातू पुण्यात रिक्षा चालवतो. मागे एकदा भेटला होता. काही बोलला नाही."

"तुम्ही बोललात?"

"जेवलास का तू?"

सहीचे कागद अजून बॅगेतच आहेत. वह्या रद्दीत देऊ नका, एवढं तेवढं सांगून ठेवलंय.