फाशातली हरणी

बंदूकवाल्याचा निर्णय गोळी सुटण्याआधी होतो. फास लावणाऱ्याला तो नंतर करावा लागतो. फाशात सापडलेलं हरीण जिवंत असतं. तुम्ही त्याच्यापाशी पोचता तेव्हा ते नर आहे की मादी, गाभण आहे की दुधावर, हे डोळ्यांना दिसतं आणि हातालाही कळतं. आम्हा फासेपारध्यांच्या शिकारीचा सगळा न्याय या मधल्या वेळात व्हायचा. मी आता सत्तरीत आहे. शिकार लहानपणीच सुटली आणि पुढे तेच डोळे पाणवठ्यावरच्या प्राणिगणतीला कामी आले. पण फास कसा वळायचा, हे बोटं विसरलेली नाहीत.

तितर-लावरीच्या फाशाला घोड्याच्या शेपटीचे केस लागतात, हरणाच्या फाशाला तात. लांब दोरीवर ओळीनं फास, मधे खुंट्या, आणि कर्जत-श्रीगोंद्याकडच्या माळावर कळपाची रोजची वाट हेरून ती दोरी गवतात अंथरायची. मग शिकवलेल्या बैलाच्या आडोशानं कळपाला हळूहळू तिकडं वळवायचं. पळवायचं नाही. पळणारं हरीण फासावरून उडी मारून जातं.

हरणी पडली की माझा चुलता आधी तिच्या डोळ्यांवर पटका टाकायचा. अंधार झाला की तिची धडपड कमी होते. नाकपुड्या तेवढ्या फुलत राहतात. मग त्याचा हात कासेखाली जायचा. कास गच्च, कोमट लागली, बोटाला दुधाचा चिकट थेंब आला, की तो एवढंच म्हणायचा, “पाडस हाय हिचं. सोड.” गाठ उलटी ओढून पाय मोकळा करायचा, सगळ्यांनी मागं सरायचं आणि पटका शेवटी काढायचा. हे सगळं बिनआवाजाचं आणि झटपट. पकडताना फार घाबरलेलं, धडपडलेलं हरीण सुटून गेल्यावरही काही दिवसांत मरू शकतं, त्याचे स्नायू निकामी होतात, असं आज पशुवैद्य सांगतात. चुलत्याला स्नायूंचं काही ठाऊक नव्हतं. पण अशा वेळी ओरडणाऱ्या पोराला तो पाठीत धपाटा घालायचा.

गाभण हरणी आणि पाडस सोडून द्यायची ही रीत आमच्या एका घराची नव्हती. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी या भागातल्या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला, त्यात फासेपारध्यांची ही रीत नोंदलेली आहे. जमातींनी जनावरंही वाटून घेतल्यासारखी होती. हरीण आणि पाखरं आमची, रानडुक्कर आणि साळिंदर नंदीवाल्यांच्या कुत्र्यांचं, मुंगूस आणि रानमांजर वैदूंचं.

या रितीला कुणी दयाबुद्धी म्हटलं की मला अवघडल्यासारखं होतं. काळविटाची मादी साधारण सहा महिने गाभण असते आणि एका वेळी एकच पिलू देते. पाडसाच्या अंगावर मांस ते किती? आज सोडलेलं पाडस मोठं होऊन आपल्याच माळावर चरणार, हा त्यातला साधा हिशेब. पण त्या हिशेबाला एक अट होती: माळ आपला पाहिजे. कुणी कुठं फास लावायचे हे ठरलेलं असे आणि हद्द ओलांडली की प्रकरण जातपंचायतीपुढं जाई. मी सोडलेली हरणी उद्या दुसराच कुणी नेणार असेल, तर ती सोडणारा शहाणा ठरत नाही, खुळा ठरतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, पुढे तो आमच्यावरही लादला आणि या हद्दी मोडल्या. १९५२ ला शिक्का कागदावर पुसला गेला, पण हद्दी परत आल्या नाहीत. तोवर माळावर जीपगाड्या फिरू लागल्या होत्या. जीपच्या झोतात डोळे चमकतात. कास दिसत नाही.

शौकीन शिकाऱ्यांचाही नियम होता की नर मारावा, मादीवर गोळी घालू नये. त्यांना शिंगं भिंतीवर लावायची असत, तेव्हा हा नियम पाळणं त्यांना जड गेलं नसावं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही सुरुवातीला शिकारीचे परवाने होते आणि परवान्यात खास मुभा नसेल तर पिलू आणि मादी मारायला बंदी होती. १९९१ च्या दुरुस्तीनं परवानेच गेले. त्या १९७२ सालीच नगर जिल्ह्यात दुष्काळ पडला होता. पोट खपाटीला गेल्यावर आमच्याही सगळ्यांनी रीत पाळली, असं मी म्हणणार नाही.

काळवीट आता वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मारलं तर तीन ते सात वर्षांची कैद. ते योग्यच आहे. १९८० साली झालेलं आमच्या कर्जतकडचं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. भोवती शेतं, विहिरी, रस्ते. तिथं आमची जुनी रीतसुद्धा परवडायची नाही. मात्र पारधी म्हणजे हरणांचा वैरी, एवढंच जे पोरांना शिकवतात, त्यांनी कासेखालचा तो हातही सांगावा.

जर्मनीत आजही हरणाची शिकार कायदेशीर आहे, पण पिलू स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत त्याच्या आईला मारणं गुन्हा आहे. आणि दोघं समोर आली तर आधी पिलू मारायचं, मग मादी, म्हणजे मागं पोरकं कुणी उरत नाही. ऐकताना अंगावर काटा येतो. तरी विचार केला तर तो नियमही त्याच प्रश्नाचं उत्तर आहे: आईमागं पिलाचं काय? राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं ‘पाडस’ ज्यांनी वाचलं असेल, त्यांना आठवेल. सापाचं विष उतरवायला बाप हरणी मारतो आणि पोरगा तिचं पिलू घरी आणतो. पुढची सगळी गोष्ट त्या गोळीचीच आहे.

आता आमच्याकडं गोळीपेक्षा कौतुकाची भीती जास्त. काळविटाचं पाडस पहिले काही आठवडे गवतात किंवा पिकात मान जमिनीला टेकून निपचित पडून राहतं. आई लांब चरते, कारण ती जवळ उभी राहिली तर लांडग्या-कुत्र्यांना जागा कळेल. दूध पाजायला ती परत येते. ज्वारी-हरभऱ्यात असं पाडस दिसलं की माणसाला वाटतं, आईनं टाकलं. मग ते उचललं जातं, बाटलीनं दूध पाजतात, फोटो निघतात. तिकडं हरणी भरल्या कासेनं रिकाम्या जागेभोवती फिरत राहते. फास लावणाऱ्यानं जे सोडलं, ते माया करणाऱ्यानं पळवलं.

म्हणून शेतकरी मंडळींना आणि सुट्टीत अभयारण्य बघायला येणाऱ्यांना माझी विनंती आहे. पाडस दिसलं तर हात लावू नका, भोवती गर्दी करू नका, कुत्री आवरा आणि तेवढा वाफा संध्याकाळपर्यंत तसाच सोडा. ते जखमी असेल, विहिरीत पडलं असेल किंवा आई मेलेली डोळ्यांनी दिसली असेल, तर वन विभागाला १९२६ वर फोन करा.