मंडळीची प्रकृति

आमच्या शेजारीं एक निवृत्त पाळक राहतात. अहमदनगर जिल्ह्यांतील (आतां त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे) एका ख्रिस्ती मंडळीची सेवा त्यांनीं बावीस वर्षें केली. गेल्या नाताळांत ते त्या गांवीं जाऊन आले, ते खिन्न होऊनच. रात्रीची शाळा बंद, भगिनींची सभा बंद, आजाऱ्यांच्या घरीं जाण्याचा नेम मोडलेला. रविवारची उपासना तेवढी चालू होती. नव्या पाळकांवर ते ठपका ठेवतील अशी आमची अपेक्षा, पण ते म्हणाले, "प्रोफेसर, दोष त्यांचा नव्हे. सगळें मीच करीत होतों. लोकांना करायला मीं कांहीं ठेवलेंच नाहीं."

हें ऐकून आम्ही वरमलों. आमच्या कॉलेजांतील वाङ्मयमंडळ आम्हीं अठरा वर्षें चालविलें. चालविलें म्हणजे वक्त्यांना पत्रें आम्हीं लिहावीं, सतरंज्या आम्हीं मोजून घ्याव्या आणि आभारही आम्हींच मानावे. मध्यें सहा महिने आम्ही अंथरुणाला खिळलों, तेवढ्यांत एकही सभा झाली नाहीं. मुलें आळशी, असा शेरा तेव्हां आम्हीं मारला होता. कपाटाची किल्ली आमच्या खिशांत होती, हें मात्र ध्यानीं आलें नाहीं.

पुढें पाळकसाहेबांशीं अनेक सायंकाळीं ह्याच विषयावर बोलणें झालें. अगदीं पहिल्या मंडळीपुढेंही हाच प्रश्न होता, असें ते म्हणाले. यरुशलेमेंत रोजच्या अन्नवाटपांत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर उठली. बारा प्रेषितांनीं वाढपाचें काम अंगावर घेतलें नाहीं; लोकांनाच सात माणसें निवडावयास सांगितलें. त्या सातांचीं नांवें सगळीं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्याच हातीं कोठार दिलें! बायबल आम्हीं कॉलेजांत इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून वाचलें होतें. ही खुबी तेव्हां दिसली नव्हती.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत हेन्री व्हेन व अमेरिकेंत रूफस अँडरसन ह्या मिशनच्या दोन चालकांनीं हाच विचार सिद्धांतरूपानें मांडला. मंडळीनें आपला खर्च आपण भागवावा, कारभार आपण पाहावा, प्रसारही आपणच करावा. भिंत उभी राहिली कीं परांची काढतात, तसें मिशनऱ्यानें मग दूर व्हावें. अँडरसन १८५४-५५ सालीं हिंदुस्थानांत येऊन गेला. १८३१ पासूनचें अहमदनगरचें मिशन त्याच्याच बोर्डाचें होतें. तत्त्व उत्तम, परंतु परांची काढणें बांधण्याहून कठीण असतें.

त्याच मिशनची नोकरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १९१७ सालीं सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, दोघांनाही तेथें जागा होती. १९१९ सालीं टिळक वारले, आणि दरबार फार काळ टिकला नाहीं. तो एका माणसाच्या तेजावर उभा होता, असें आम्हांस वाटतें. उलट त्यांचीं भजनें मराठी मंडळ्यांत आजही गातात. पाळकसाहेबांच्या गांवीं अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्यांनाही तीं पाठ होतीं. पेटी वाजविणारा आला नाहीं तरी टाळांवर गाणें अडत नसे. नाताळांतही तीं तशींच चालू होतीं. "तेवढें मीं शिकविलें नव्हतें," पाळकसाहेब हंसून म्हणाले.

पुन्हां मंडळी हातीं आली तर काय कराल, असें आम्हीं विचारलें. डोकीं मोजण्याचा नाद सोडीन, म्हणाले. दानपेटीचा हिशेब बायकांकडून सर्वांसमक्ष वाचवीन. आणि दरवर्षीं महिनाभर गांवाबाहेर जाऊन राहीन. परत आल्यावर काय बंद पडलें तें पाहावयाचें, म्हणजे आपण कोठें जास्त झालों तें कळतें.

ईस्टरला उपदेशासाठीं त्यांना त्या गांवाहून बोलावणें आलें. त्यांनीं कळविलें, उपदेश रविवारच्या शाळेंतील बाईंनीं करावा, मी मागच्या बांकावर बसेन. आम्हीं कपाटाची किल्ली दुसऱ्या वर्षांतील एका विद्यार्थिनीस दिली. तिनें पहिल्याच सभेस ठेवलेला विषय आम्हांस मुळींच पसंत नाहीं. सभा शुक्रवारीं आहे, आणि सतरंज्या कोणी मोजल्या कीं नाहीं, हें आम्हीं अजून विचारलेलें नाहीं.