मॅक की विंडोज? मावशीला विचारा!

डोंबिवलीत पेटी नसलेली बिल्डिंग सापडणं कठीण. आणि हल्ली होम स्टुडिओ नसलेली बिल्डिंगही! कुणी कपाटात गोधड्या लटकवून व्होकल बूथ केलाय, कुणी गच्चीवरच्या खोलीला फोम चिकटवलाय. आयटीतली पोरं दिवसभर ऐरोली-महापेला कोड पाडतात आणि रात्री घरी येऊन बीट्स बनवतात. या मंडळींत एक प्रश्न असा आहे की तो निघाला की चहा थंड झालाच म्हणून समजा. मॅक घेऊ की विंडोज?

मला हा प्रश्न पडायचं खरं तर काही कारण नव्हतं. माझं काम म्हणजे एक वर्ड फाइल आणि मोबाइलचा रेकॉर्डर. पण मार्चच्या शेवटी माझ्या मावशीच्या थायरॉइडच्या ऑपरेशनची तारीख ठरली.

मावशी डोंबिवली पूर्वेला पस्तीस वर्षं गाण्याचा क्लास घेते. थायरॉइडच्या अगदी मागून स्वरयंत्राकडे जाणारी नस जाते. सर्जन ती सांभाळूनच काम करतात आणि बहुतेकांचा आवाज पूर्ववत होतो. पण तिच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "बोलण्याची काळजी नको. वरचे सूर मात्र आधीसारखेच लागतील, असं मी लिहून देणार नाही."

मावशी घरी आली, चहा टाकला आणि म्हणाली, "माझ्याकडे बाईंच्या साठ बंदिशी आहेत. शब्द वहीत आहेत गं. पण वहीतून चाल कुठे ऐकू येते?"

हातात सव्वीस दिवस. बजेट ऐंशी हजार, माइक धरून. "तू मासकॉम केलंयस ना? मग काढ शोधून काय घ्यायचं ते," हा हुकूम. मोबाइलवर रेकॉर्ड करू, हे मी सुचवून पाहिलं. तिने क्लासमधल्या एका मुलीच्या मोबाइलवरची तान मला ऐकवली. मंद्रातला षड्ज कुठेतरी गायब, आणि तार सप्तकात गेलं की आवाज चिरकलेला. शिवाय तिला तानपुरा वेगळ्या ट्रॅकवर हवा होता, म्हणजे शिकणाऱ्याला तो कमी-जास्त करता येईल. विषय संपला.

मग सुरू झाल्या दोन छावण्या. ठाण्यात, घोडबंदर रोडला राहणारा माझा मावसभाऊ, म्हणजे मावशीचाच मुलगा, कट्टर विंडोजवाला. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. नोकरी सांभाळून जाहिरातींच्या जिंगल्स करतो. त्याचा फंडा सरळ आहे. "तेवढ्याच पैशांत दुप्पट रॅम येते. उद्या कमी पडली तर वाढवता येते, डिस्क बदलता येते, बिघडलं तर ठाणे स्टेशनजवळ दहा जण उघडून बघतात. मॅकबुकची रॅम घेताना जेवढी, तेवढीच मरेपर्यंत." यातलं एकही वाक्य खोटं नाही.

कल्याणचा माझा मित्र मालिकांच्या पार्श्वसंगीताचं प्रोग्रॅमिंग करतो. तो तितकाच कट्टर मॅकवाला. "तुझ्या दादाला विचार, नवीन इंटरफेस लावल्यावर पहिला तास कशात जातो!" विंडोजची स्वतःची आवाजाची व्यवस्था जुन्या काळी रेकॉर्डिंगसाठी फारच संथ होती. म्हणून स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ मध्ये 'आसिओ' नावाची पळवाट काढली, आणि आजही विंडोजवर गंभीर काम करायचं तर बहुतेक वेळा त्या-त्या इंटरफेसचा आसिओ ड्रायव्हर टाकावा लागतो. मॅकमध्ये 'कोअर ऑडिओ' सिस्टिममध्येच असतं. बरेचसे इंटरफेस नुसते खोचले की चालू. वर त्याचं हुकमी पान, "रहमान लॉजिकवर काम करतो!" आता रहमान लॉजिक वापरतो हे खरंच. पण रहमानला दिलं तर तो कॅल्क्युलेटरवरही चाल बांधेल, हे माझं मत.

गंमत म्हणजे हे लॉजिक मूळचं मॅकपुरतं नव्हतंच. 'ईमॅजिक' या जर्मन कंपनीचं ते सॉफ्टवेअर विंडोजवरही चालायचं. जुलै २००२ मध्ये ॲपलने ती कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी विंडोजची आवृत्ती बंद! जगभरच्या हजारो विंडोजवाल्यांना दोनच रस्ते उरले, मशीन बदला नाहीतर सॉफ्टवेअर. त्याच्याही आधी, १९८५ मध्ये आलेल्या अटारी एसटी या कम्प्युटरला मिडीची भोकं कारखान्यातूनच होती. क्यूबेस १९८९ मध्ये जन्मलं ते त्यावरच. संगीतवाल्यांचा तो लाडका प्लॅटफॉर्म होता, आणि तो आख्खा गेला. थोडक्यात, भांडण ज्याच्या नावाने चाललंय तोच उद्या असेल की नाही, याची गॅरंटी कुणीही देत नाही.

आमच्या घरात याचा पुरावाच पडून होता. काकांनी २००५ मध्ये लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून एक पीसी असेंबल केला होता आणि त्यावर मावशीचे अकरा अभंग रेकॉर्ड केले होते. लोडशेडिंगची वर्षं ती. यूपीएसने पीं पीं सुरू केलं की काका सेव्ह, सेव्ह ओरडायचे. काका आता नाहीत. पीसी आहे, कव्हर घालून ठेवलेला. तो विंडोज ११ ला पात्र नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याच्यावर नवं काम करण्याचा प्रश्नच नव्हता. पण आतलं काढायला हवं होतं. दादा एका रविवारी डिस्क घेऊन बसला. प्रोजेक्ट फाइल उघडायला गेलं की सॉफ्टवेअर एका प्लगिनची मागणी करायचं, आणि ते विकणारी कंपनीच आता अस्तित्वात नाही. मिक्स, रिव्हर्ब, काकांनी रात्री जागून केलेलं लेव्हलिंग... सगळं कुलुपात. मात्र शेजारच्याच 'ऑडिओ' नावाच्या फोल्डरमध्ये साध्या वेव्ह फाइल्स होत्या. त्यावर डबल क्लिक केलं आणि तीस सेकंदांत मावशीचा वीस वर्षांपूर्वीचा आवाज हॉलभर! मावशी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, ती उभीच राहिली.

त्या रविवारनंतर माझी यादी बदलली. प्रोसेसर खाली गेला. वेव्ह फाइल वर आली. चोवीस बिट, अठ्ठेचाळीस हजार सॅम्पल, म्हणजे एका ट्रॅकला मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास. साठ बंदिशी दोन-दोन ट्रॅकवर घेतल्या तरी साध्या पेन ड्राइव्हवर मावतात.

लेटन्सीचंही तसंच. दोन्ही छावण्या यावर तासन्‌तास बोलतात. गायलेला सूर कम्प्युटरमधून फिरून हेडफोनमध्ये यायला वेळ लागतो. बफर १२८ ठेवला तर एका बाजूचे जेमतेम तीन मिलिसेकंद, १०२४ ठेवला तर एकवीस. एकवीसला गाणारा अडखळतो, हे खरं. पण बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय असते. ती चालू केली की तुमचा आवाज कम्प्युटरमध्ये न जाता थेट कानात येतो. व्हर्च्युअल वाद्यं वाजवणाऱ्याला हे उपयोगाचं नाही, पण एक गळा आणि एक तानपुरा असेल तर लेटन्सीचा आख्खा वाद निकालात.

मग प्लॅटफॉर्म ठरवला कशाने? पंख्याने! मावशीची बिल्डिंग रेल्वेलाइनपासून हाकेच्या अंतरावर. रेकॉर्डिंग करायचं एप्रिलच्या दुपारी दोन ते चार, कारण सकाळी क्लास आणि संध्याकाळी फेरीवाले. सीलिंग फॅन बंद, खिडक्या बंद. दादाने आपला लॅपटॉप ट्रायलला आणला. तो गेमिंगचा, तगडा. पण त्या उकाड्यात दहा मिनिटांत त्याच्या पोटातला फॅन असा काही घुमायला लागला, की तानपुऱ्याच्या वर एक तिसराच सूर. त्यात जुनी वायरिंग आणि अर्थिंगच्या नावाने बोंब. चार्जर लावला की हेडफोनमध्ये घूंऽऽ असा गुणगुणाट. चार्जर काढला की बंद. म्हणजे हवं काय होतं? आत फॅन नसलेलं आणि बॅटरीवर दुपारभर टिकणारं मशीन. तसे विंडोज लॅपटॉप असतात, पण मला आमच्या बजेटमध्ये धड मिळाला नाही. २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या एम-वन मॅकबुक एअरमध्ये फॅन नाहीच. नवीन मॅकबुक एअर बजेटबाहेर होता (एम-फोरची किंमत २०२५ मध्ये ९९,९०० पासून सुरू झाली होती), म्हणून एम-वन सेकंडहँड घेतला. उरलेल्या पैशांत इंटरफेस, कंडेन्सर माइक, स्टँड.

कल्याणच्या मित्राने विजयी मुद्रा केली. पण ती फार टिकली नाही, कारण आम्ही लॉजिक घेतलं नाही. आम्ही घेतलं रीपर. विनॲम्प आठवतंय? ते बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचंच हे बाळ. मॅक, विंडोज, लिनक्स, तिन्हीवर चालतं, साठ दिवस वापरून बघता येतं आणि घरगुती वापराचं लायसन्स साठ डॉलर. फायदा असा, की डोंबिवलीत मॅकवर रेकॉर्ड केलेलं सेशन दादा ठाण्यात आपल्या विंडोजवर तसंच्या तसं उघडू शकतो. व्यावसायिक काम करणाऱ्यांचं गणित वेगळं. ज्या स्टुडिओत रोज जायचंय तिथे प्रो टूल्स असेल तर तुम्हीही तेच शिका. ते तर दोन्हीकडे चालतं. मालिकांच्या डेडलाइनवर दिवसाला दहा क्यू करणाऱ्या माझ्या मित्राने मॅक सोडावा, असं मी कधीच म्हणणार नाही.

रेकॉर्डिंगचे दिवस मात्र सॉलिड गेले. शेजारच्या काकूंशी कुकरच्या शिट्ट्यांचा करार झाला, अडीचच्या आधी सगळ्या उरकायच्या. एक्स्प्रेसचा हॉर्न आला की मावशी मुखड्यावर थांबायची, गाडी गेली की पुन्हा सम पकडायची. मी घामाने निथळत स्पेसबार दाबायचे. चौथ्या दिवशी तिने मला बाजूला सारलं आणि स्वतःच दाबायला लागली. "एवढंच असतं होय? काका उगाच आरडाओरडा करायचे," म्हणाली. मॅक कुठला, विंडोज कुठलं, तिने एकदाही विचारलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळपर्यंत एकेचाळीस बंदिशी झाल्या. प्रत्येकीची तानपुऱ्याशिवाय एक, तानपुऱ्यासकट एक, अशा वेव्ह फाइल्स. एक प्रत मावशीकडे, एक दादाकडे ठाण्याला, एक माझ्या डिस्कवर. काकांचे अकरा अभंगही त्याच फोल्डरमध्ये.

आता ऑपरेशन होऊन सात आठवडे झालेत. बोलणं व्यवस्थित आहे. मध्य सप्तकात ती रोज दहा मिनिटं ओंकार करते, तार षड्जाला डॉक्टरांनी अजून नाही म्हटलंय. क्लास सुरू झालाय. मुली फाइल लावून शिकतात आणि मावशी हाताने ताल देत चुका काढते. उरलेल्या एकोणीस बंदिशींची यादी फ्रिजवर चिकटवलेली आहे. माइक स्टँडवरून काढायचा नाही, अशी सगळ्यांना ताकीद आहे.