वास्तू तथास्तु म्हणते, पण…

मैत्रिणींनो, घरात मरणाचा विषय निघाला की आपण चटकन म्हणतो, "शुभ बोला, वास्तू तथास्तु म्हणत असते!" आमच्याकडेही तसंच होतं. म्हणूनच तीन वर्षांपूर्वी मामंजी पहाटे अचानक गेले, तेव्हा आमची पुरती तारांबळ उडाली.

बँकेत पैसे होते, पण खातं एकट्या मामंजींच्या नावावर. ह्यांच्या पगाराला अजून चार दिवस अवकाश. शववाहिका, लाकडं, सामान, सगळं रोख द्यायचं. शेवटी मी कपाटातून शाळेच्या सहलीची वर्गणी काढून ह्यांच्या हातात ठेवली. माझ्या वर्गातल्या मुलांचे पैसे! पगार होताच भरून टाकले, पण तोवर माझ्या जिवाला थारा नव्हता.

"विमा नव्हता का?" असं तुम्ही विचाराल. होता तर! पण मृत्यूचा दाखला, दाव्याचा अर्ज हे सोपस्कार झाल्याशिवाय ते पैसे हाती येत नाहीत. त्यात पॉलिसीवर नाव मामंजींच्या आईचं. त्यांना जाऊन वीस वर्षं झालेली! मग वारस ठरवण्याच्या कागदांसाठी ह्यांनी किती खेटे घातले, ते विचारूच नका.

दक्षिण आफ्रिकेत कित्येक कुटुंबं खास अंत्यविधीसाठी छोटा विमा उतरवतात. कागदपत्रं मिळाली की ४८ तासांत पैसे देऊ, असं तिथल्या अनेक कंपन्या कबूल करतात. आपल्याकडचा विमा मुख्यतः मागे राहिलेल्यांच्या पोटापाण्यासाठी. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपये भरून २ लाखांचा विमा मिळतो. १८ ते ५० वयात बँकेतून घेता येतो. तो जरूर घ्यावा. पण पहिल्या दिवसाची तजवीज आपली आपणच करायला हवी.

आम्ही काय केलं सांगू? एक खातं दोघांच्या नावे उघडलं, दोघांपैकी कुणालाही किंवा मागे राहील त्याला पैसे काढता येतील असं. पॉलिसींवरची नावं तपासली. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, हेही वहीत टिपून ठेवलं.

सासूबाईंपुढे मात्र मी हा विषय भीतभीतच काढला. वाटलं, आता रागावणार. त्या काही न बोलता उठल्या आणि ट्रंकेच्या तळातून एक पुरचुंडी आणून माझ्यापुढे ठेवली. आत पाचशेच्या नोटा होत्या, २०१६ साली बाद झालेल्या! आपल्या शेवटच्या खर्चासाठी कधीच्या साठवलेल्या, कुणालाही न सांगता.

"माझ्या वेळी पोरांच्या सहलीला हात लावू नकोस गं," त्या हळूच म्हणाल्या.

त्यांना ठाऊक होतं तर! मला एकदम रडूच आलं. त्या नोटांचं मोल त्यांना कसं सांगायचं? दुसऱ्या दिवशी ह्यांनी त्यांच्या नावे वेगळी रक्कम ठेवली आणि पासबुक त्यांच्याच हाती दिलं.

तेव्हा बायांनो, आज दुपारी कपाट आवरायला काढाल, तेव्हा घरातल्या पॉलिसीवर कुणाचं नाव आहे तेवढं बघाच. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी एकदा मोकळेपणानं बोला. त्यांच्याही मनात हा विचार कधीपासून असतो.